धूम्रपानमुक्तीची औषधे

धूम्रपानमुक्तीची औषधे : सिगारेट, बिडी इ. रूपांनी तंबाखूचा धूर ओढण्याची सवय सोडताना निकोटिनाच्या अभावी जो शारीरिक व मानसिक त्रास होतो, तो कमी करून सवय सोडण्यास व सोडलेली अवस्था टिकविण्यास साहाय्य करणाऱ्या औषधांना ही संज्ञा लावतात. त्यांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात : (१) धुराऐवजी अन्य मार्गाने शरीरास निकोटीन पुरविणारी निकोटीन-प्रतिस्थापके, (२) मूळची नैराश्यरोधी असलेली ब्यूप्रोपिऑन व नॉर्ट्रिप्टिलीन ही औषधे आणि (३) मेंदूतील निकोटीन-ग्राहींवर अंशतः कार्य करणारी व्हॅरेनिक्लीन व सिटिसीन ही द्रव्ये. या सर्वांची परिणामकारकता सारखी नाही. व्हॅरेनिक्लीन, सिटिसीन आणि दोन प्रकारच्या प्रतिस्थापकांची जोडी यांचा क्रम वरचा लागतो. एकेकटे प्रतिस्थापक व ब्यूप्रोपिऑन त्यांच्या खाली येतात. तथापि यांतील सर्वांत प्रभावी औषध घेऊनही एका प्रयत्नात धूम्रपानमुक्त न होणाऱ्यांची संख्या होणाऱ्यांपेक्षा बरीच मोठी असते. ही दोन्ही विधाने एकत्र ध्यानात घेतली, तरच या औषधांचे मूल्यमापन यथार्थ होते.

धूम्रपान सोडण्याचे महत्त्व : रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचे १९५१ पासून ५० वर्षे निरीक्षण केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आजन्म धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य न करणाऱ्यांपेक्षा सरासरीने सु. १० वर्षांनी कमी भरले. वयाच्या ६०, ५०, ४० व ३० व्या वर्षी सवय सोडणाऱ्यांनी अनुक्रमे सु. ३, ६, ९ व १० वर्षांचे आयुष्य परत मिळविले. म्हणजे उतारवयातही सवय सोडणे व्यर्थ ठरत नाही आणि चाळिशीच्या आत सोडल्यास बहुतेक सर्व हानी टळते. एखाद्या औषधाने शंभरांतील पाचसहा अधिक व्यक्ती मुक्त झाल्या, तरी तो लाभ अल्प मानता येत नाही, याचे कारण हेच होय.

निकोटिनाचे कार्य : निकोटीन हे तंबाखूतील अल्कलॉइड १८२८ मध्ये जर्मनीतील पोसेल्ट व राइमान यांनी प्रथम वेगळे केले. धुराबरोबर फुप्फुसांत गेलेले निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या विशिष्ट ग्राहींशी (कोशिकांच्या पृष्ठभागावरील, ठराविक द्रव्यांशीच संयोग पावणाऱ्या प्रथिनांशी) ते संयोग पावते. त्यामुळे डोपामीन हे द्रव्य स्रवते व समाधानाची भावना उत्पन्न होते. दीर्घकाळच्या सेवनाने या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातील निकोटिनाचे प्रमाण सु. दोन तासांत निम्म्यावर येत असल्याने रात्रीच्या झोपेनंतर ग्राही रिकामे झालेले असतात व सकाळची पहिली सिगारेट अत्यंत हवीशी वाटते. म्हणूनच जागे झाल्यापासून किती वेळाने धूम्रपान केले जाते, हा अवलंबनाच्या तीव्रतेचा चांगला निदर्शक समजतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फागेरस्ट्रॉम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत या प्रश्नास मोठे वजन दिलेले आहे.

निकोटीन थांबल्यावर काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, चित्त एकाग्र न होणे, झोपमोड, खिन्नता, भूक वाढणे इ. परित्याग लक्षणे दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात ती सर्वांत तीव्र असतात व बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळातच बहुसंख्य प्रयत्न फसतात. औषधांचा मुख्य उपयोग हा कठीण काळ निभावून नेण्यासाठी असतो. सवयीशी जोडले गेलेले प्रसंग, सोबती व ताणतणाव यांवर मात्र कोणतेही औषध प्रत्यक्ष कार्य करीत नाही.

परिणामकारकतेचे मापन : एखाद्या औषधाने अमुक टक्के लोक मुक्त झाले, या विधानास तीन गोष्टी कळल्याखेरीज अर्थ प्राप्त होत नाही. पहिली गोष्ट म्हणजे तुलना कशाशी केली. कोणत्याही मदतीशिवाय सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणाऱ्यांचे प्रमाण ३ ते ५ टक्के असते. चाचणीत निरौषध गोळी (दिसण्यात औषधासारखीच, पण औषधी द्रव्य नसलेली) घेणाऱ्यांनाही समुपदेशन मिळत असल्याने त्यांच्यात हे प्रमाण अधिक भरते. दुसरी गोष्ट म्हणजे मोजणी केव्हा केली. महिन्याच्या अखेरचे आकडे नेहमीच आकर्षक असतात. पण त्यानंतर पुन्हा सवय जडणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने किमान सहा महिन्यांच्या सातत्यालाच महत्त्व देतात. तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा कोणता घेतला. केवळ रुग्णाच्या सांगण्यावर न विसंबता श्वासातील कार्बन मोनॉक्साइड किंवा लाळ, रक्त अथवा मूत्र यांतील कोटिनीन (निकोटिनापासून यकृतात तयार होणारे द्रव्य) मोजतात. चाचणी मध्येच सोडून गेलेल्यांना धूम्रपान चालू असलेल्यांत धरण्याचा प्रघात आहे.

निकोटीन-प्रतिस्थापके : धुरातील टार, कार्बन मोनॉक्साइड व कर्ककारक द्रव्ये वगळून केवळ निकोटीन द्यावे व त्याची मात्रा क्रमाक्रमाने कमी करावी, हे या उपचाराचे तत्त्व होय. पाणबुडीतील खलाशांना धूम्रपान करता येत नसल्याने ते तोंडात धरण्याच्या तंबाखूकडे वळतात, या निरीक्षणावरून स्वीडनमध्ये १९६७ च्या सुमारास ही कल्पना पुढे आली व ओव्ह फेर्नो यांनी निकोटीनयुक्त च्युइंगगम तयार केला. अमेरिकेत त्यास १९८४ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेवर चिकटवावयाची पट्टी १९९१ मध्ये, तर चघळावयाची गोळी २००२ मध्ये तेथे उपलब्ध झाली. नाकात मारावयाचा फवारा व तोंडाने ओढावयाचे नळीसारखे साधन हेही प्रकार आहेत.

पट्टीतून निकोटीन दिवसभर संथपणे शोषले जाते. दिवसाला दहाहून अधिक सिगारेटी ओढणाऱ्यास सामान्यतः २१ मिग्रॅ. ची पट्टी देऊन पुढे १४ व ७ मिग्रॅ. वर येतात, हा उपचार आठ ते बारा आठवडे चालतो. च्युइंगगम व चघळावयाची गोळी यांचा परिणाम लवकर होतो, त्यामुळे अचानक उसळणाऱ्या तलफेवर त्या उपयोगी पडतात. च्युइंगगम नेहमीच्या च्युइंगगमप्रमाणे सतत चावावयाचा नसतो. तो थोडा चावून झिणझिणी जाणवताच गालात धरून ठेवावा लागतो, कारण गिळल्या गेलेल्या निकोटिनाचा बराच भाग यकृतात निष्प्रभ होतो व उचकी आणि जळजळ मात्र वाढते. कॉफी किंवा आंबट पेयांमुळे तोंडातील शोषण घटते, म्हणून त्यांच्यानंतर सु. पंधरा मिनिटे तो घेऊ नये.

कोणतेही एक प्रतिस्थापक निरौषधाच्या तुलनेत यशाचे प्रमाण सु. दीडपट करते. पट्टी व तिच्या जोडीला च्युइंगगम अथवा चघळावयाची गोळी दिल्यास एकट्या प्रकारापेक्षा सु. एकचतुर्थांश अधिक लोक मुक्त होतात. तीव्र अवलंबन असलेल्यांत २ मिग्रॅ. पेक्षा ४ मिग्रॅ. चा च्युइंगगम अधिक गुणकारी ठरतो. प्रतिस्थापके निष्प्रभ ठरण्याचे नेहमीचे कारण मात्रा अपुरी असणे व उपचार लवकर थांबविणे हे असते.

ब्यूप्रोपिऑन व नॉर्ट्रिप्टिलीन : ब्यूप्रोपिऑन हे औषध भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ नरिमन मेहता यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत नैराश्यावरील उपचारासाठी शोधून काढले. ते घेणाऱ्या काही रुग्णांची धूम्रपानाची इच्छा मंदावल्याचे पुढे दिसून आले आणि १९९७ मध्ये अमेरिकेत धूम्रपानमुक्तीसाठी त्यास मान्यता मिळाली. मेंदूत डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे पुनर्ग्रहण ते रोखते. नैराश्य नसलेल्या व्यक्तींतही त्याचा उपयोग होतो. सोडण्याच्या ठरविलेल्या दिवसाच्या एक आठवडा अगोदर ते सुरू करतात. त्याची परिणामकारकता एकट्या प्रतिस्थापकाइतकीच आहे. झोप न लागणे व तोंडास कोरड पडणे हे त्याचे सामान्य दुष्परिणाम असून हजारांत सु. एका व्यक्तीस झटके येतात. त्यामुळे अपस्माराच्या रुग्णांना ते देत नाहीत. नॉर्ट्रिप्टिलीन हे जुने व स्वस्त नैराश्यरोधी औषधही उपयुक्त आहे. परंतु त्याच्या दुष्परिणामांमुळे, विशेषतः हृदयविकार असलेल्यांत, त्याचा वापर मर्यादित राहिला आहे.

व्हॅरेनिक्लीन : हे द्रव्य निकोटीन-ग्राहींचे आंशिक उद्दीपक आहे. ते ग्राहींना थोडेसे उद्दीपित करते, त्यामुळे तलफ व अस्वस्थता कमी होते. त्याच वेळी ग्राहींची जागा ते अडवून ठेवीत असल्याने एखादी सिगारेट ओढली, तरी नेहमीचे समाधान लाभत नाही. अमेरिकेत त्यास २००६ मध्ये मान्यता मिळाली. प्रारंभी दररोज ०·५ मिग्रॅ. देऊन आठवड्याभरात मात्रा दिवसातून दोनदा १ मिग्रॅ. इतकी वाढवितात व उपचार बारा आठवडे चालू ठेवतात. मळमळ हा त्याचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम असून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास ती कमी होते. काहींना स्पष्ट व विचित्र स्वप्ने पडतात. ते मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने वृक्कांचे कार्य फार मंदावलेले असल्यास मात्रा कमी करतात.

मनोविकार व आत्मघातकी विचार बळावल्याच्या तक्रारींवरून २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाच्या वेष्टनावर कडक इशारा छापावयास लावला होता. पुढे वर्णन केलेल्या मोठ्या चाचणीनंतर तो २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला. २०२१ मध्ये गोळ्यांत एक अशुद्ध द्रव्य आढळल्याने मूळ उत्पादकाने त्या बाजारातून परत घेतल्या. त्यानंतर अन्य उत्पादकांच्या गोळ्यांना मान्यता देण्यात आली.

सिटिसीन : लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या यूरोपीय वृक्षाच्या बियांत आढळणाऱ्या या अल्कलॉइडाची रचना निकोटिनाशी मिळतीजुळती आहे. दुसऱ्या महायुद्धात तंबाखूच्या टंचाईमुळे सैनिक या झाडाची पाने ओढीत. बल्गेरियात १९६४ पासून ते औषध म्हणून वापरात आहे व व्हॅरेनिक्लीन तयार करताना त्याच्याच रेणूचा नमुना पुढे ठेवण्यात आला होता. पूर्व यूरोपाबाहेर त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. पोलंडमधील वॉर्सा येथे ७४० व्यक्तींवर झालेल्या चाचणीत (२०११) वर्षाअखेर सिटिसीन घेतलेल्यांपैकी ८·४ टक्के, तर निरौषध घेतलेल्यांपैकी २·४ टक्के लोक धूम्रपानमुक्त राहिले. न्यूझीलंडमधील १,३१० व्यक्तींच्या चाचणीत (२०१४) ते निकोटीन-प्रतिस्थापकांपेक्षा सरस ठरले. मात्र मळमळ व झोपमोड यांचे प्रमाण अधिक होते. त्याचा परंपरागत उपचारक्रम २५ दिवसांचा असतो. अल्प खर्च व अल्प मुदत ही त्याची वैशिष्ट्ये होत.

तौलनिक निष्कर्ष : औषधांची आपापसांत थेट तुलना करणारी सर्वांत मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. १६ देशांतील ८,१४४ धूम्रपान करणाऱ्यांना व्हॅरेनिक्लीन, ब्यूप्रोपिऑन, निकोटीन-पट्टी व निरौषध अशा चार गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागण्यात आले होते. त्यांपैकी सु. निम्म्यांना मनोविकार होता वा पूर्वी होऊन गेला होता. उपचाराच्या अखेरच्या चार आठवड्यांत धूम्रपानापासून पूर्णपणे अलिप्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३३·५, २२·६, २३·४ व १२·५ टक्के होते. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सतत अलिप्त राहिलेल्यांचे प्रमाण २१·८, १६·२, १५·७ व ९·४ टक्के इतके खाली आले. चारही गटांचा क्रम जवळजवळ तोच राहिला, पण प्रत्येक गटात घट झाली. गंभीर मानसिक दुष्परिणामांत औषधांमुळे लक्षणीय वाढ झाल्याचे आढळले नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १,०८६ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे सहा महिन्यांनी एकट्या पट्टीने २२·८, व्हॅरेनिक्लिनाने २३·६ व पट्टी आणि चघळावयाची गोळी यांच्या जोडीने २६·८ टक्के लोक मुक्त झाले व हे फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय ठरले नाहीत. दोन सुयोजित चाचण्यांत असा भेद दिसत असल्याने केवळ एका चाचणीवरून क्रम ठरविणे योग्य नाही.

याच कारणास्तव अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करतात. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये तीनशेहून अधिक चाचण्या व दीड लाखाहून अधिक व्यक्ती यांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार सोडण्याचा प्रयत्न करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे सहा महिने वा अधिक काळ टिकून राहणारे निरौषधाने सु. ६, एकट्या प्रतिस्थापकाने किंवा ब्यूप्रोपिऑनाने ८ ते ९, प्रतिस्थापकांच्या जोडीने ११ ते १२, सिटिसिनाने १० ते १८ व व्हॅरेनिक्लिनाने १२ ते १६ असतात. औषधामुळे यशाची शक्यता दुप्पट होते, हे म्हणणे खरे आहे. पण ती दुप्पट मुळात लहान असलेल्या संख्येची आहे, हेही तितकेच खरे आहे.

निकोटीनयुक्त इलेक्ट्रॉनिक सिगारेटही या विश्लेषणात वरच्या गटात आढळते. परंतु ती औषध म्हणून तयार केलेली वस्तू नव्हे, तरुणांमध्ये तिचे नवे व्यसन जडते आणि भारतात २०१९ च्या कायद्यान्वये तिचे उत्पादन, आयात व विक्री यांस बंदी आहे.

परिणामकारकतेस प्रभावित करणारे घटक : समुपदेशन व औषध यांचा संयोग हा दोहोंपैकी कोणत्याही एकापेक्षा प्रभावी असतो. कधीकधी तर समुपदेशन व रुग्णाची परिस्थिती यांचाच वाटा मोठा ठरतो. बांगलादेश व पाकिस्तान येथील २,४७२ क्षयरुग्णांवरील चाचणीत (२०२०) सर्वांना समुपदेशन देऊन एका गटास सिटिसीन व दुसऱ्यास निरौषध दिले. सहा महिन्यांनी अनुक्रमे ३२·४ व २९·७ टक्के रुग्ण धूम्रपानमुक्त होते. औषधाचा वेगळा लाभ सिद्ध झाला नाही. नुकतेच क्षयाचे निदान झालेली व्यक्ती नियमितपणे दवाखान्यात येते व तिला सवय सोडण्याचे तातडीचे कारण असते; अशा वेळी चांगला सल्लाच पुष्कळ कार्य करून जातो. यूरोपातील निष्कर्ष दक्षिण आशियातील सर्व रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हाही त्यातून मिळणारा बोध होय.

दुसरा घटक शरीरातील चयापचयाचा. यकृतात निकोटिनाचे विघटन काहींत जलद, तर काहींत मंद गतीने होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सामान्य गतीच्या व्यक्तींना व्हॅरेनिक्लीन पट्टीपेक्षा अधिक उपयोगी पडले, तर मंद गतीच्या व्यक्तींत दोहोंचे यश सारखेच असून व्हॅरेनिक्लिनाचा त्रास अधिक जाणवला.

निवड व सावधगिरी : औषध निवडताना अवलंबनाची तीव्रता, पूर्वीच्या प्रयत्नांचा अनुभव, इतर विकार, खर्च व उपलब्धता यांचा विचार करतात. गर्भवती स्त्रियांना प्रथम समुपदेशनच देतात. व्हॅरेनिक्लीन व ब्यूप्रोपिऑन सामान्यतः टाळतात. स्थिर अवस्थेतील हृदयरुग्णास पट्टीपासून होणारा धोका धूम्रपान चालू ठेवण्याच्या धोक्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. धुरातील काही हायड्रोकार्बनांमुळे यकृतातील विशिष्ट एंझाइमे वाढलेली असतात. धूम्रपान थांबताच ती घटतात व थिओफायलीन, क्लोझापीन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. त्यामुळे दम्याच्या व मनोविकाराच्या काही रुग्णांत त्या औषधांची मात्रा कमी करावी लागते. हा बदल सवय सोडल्यामुळे होतो, धूम्रपानमुक्तीच्या औषधामुळे नव्हे.

भारतातील परिस्थिती : २०१६–१७ मधील राष्ट्रव्यापी सर्वेक्षणानुसार भारतातील प्रौढांपैकी २८·६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत. धूम्रपान करणारे १०·७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २१·४ टक्के होते. धूम्रपानात सिगारेटीपेक्षा बिडीचे प्रमाण अधिक होते. महाराष्ट्रात हा भेद अधिक ठळक असून धूम्रपान करणारे ३·८ टक्के, तर तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा इ. रूपांनी तंबाखू सेवन करणारे २४·४ टक्के होते. येथे वर्णिलेले बहुतेक निष्कर्ष सिगारेट ओढणाऱ्यांवरील चाचण्यांतून मिळालेले आहेत. धूरविरहित तंबाखूच्या बाबतीत चाचण्या थोड्या आहेत. त्यांवरून समुपदेशन, व्हॅरेनिक्लीन व चघळावयाची निकोटीन गोळी यांचा उपयोग होत असल्याचे दिसते.

भारतात २००२ पासून तंबाखूमुक्ती केंद्रे स्थापन होऊ लागली व २०१६ मध्ये दूरध्वनीवरून मोफत सल्ला देणारी राष्ट्रीय सेवा (क्रमांक १८००-११-२३५६) सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीन-प्रतिस्थापकांचा २००९ मध्ये आणि ब्यूप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन यांचा २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला. प्रौढांच्या तंबाखूमुक्तीविषयीच्या तिच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत या तिन्हींबरोबर सिटिसिनाचीही शिफारस आहे.

धूम्रपानाचे अवलंबन हा वारंवार उलटणारा विकार आहे. अनेकांना कायमचे मुक्त होण्यापूर्वी पुष्कळ वेळा प्रयत्न करावे लागतात. एका औषधाने यश आले नाही, यावरून ते औषध निरुपयोगी आहे किंवा रुग्णाचा निर्धार खोटा आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. मात्रा पुरेशी होती काय व उपचार पूर्ण मुदतीपर्यंत घेतला काय, हे प्रथम पाहावे. नंतर दुसरे औषध, औषधांची जोडी किंवा अधिक समुपदेशन यांचा अवलंब करून पुन्हा प्रयत्न करावा. शंभरांतील चौदा हा आकडा एका प्रयत्नाचा आहे. प्रयत्न पुन्हा करणाऱ्यास ही संधी पुन्हा मिळते.